नवा कन्सोल घेताना जुन्या डिस्कचा हिशेब

अमळनेरच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. घरात पीएस४ (सोनीचा प्लेस्टेशन ४ हा गेम खेळायचा कन्सोल) आहे, त्याच्या वीसेक डिस्क आहेत आणि माळ्यावर थोरल्या भावाचा पीएस२ खोक्यात पडून आहे. दिवाळीच्या बोनसमधून पीएस५ घ्यायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो, "डिजिटल घ्या, स्वस्त पडतो. जुने गेम कोण खेळतं आता?" मित्र म्हणतो, "जुने चालत नसतील तर घेऊच नको." ऐकायचं कोणाचं?

थोडक्यात सांगायचं तर पीएस४च्या डिस्कना भरपूर वजन द्या, पीएस२ला अजिबात देऊ नका, आणि डिजिटल, म्हणजे डिस्क घालायची सोयच नसलेल्या मॉडेलच्या वाटेला जाऊ नका. आता कारणं सांगतो.

जळगावात माझं कन्सोल दुरुस्तीचं आणि जुन्या-नव्या खरेदी-विक्रीचं काम आहे. यावल-रावेरकडची केळीवाली मंडळी असोत की भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली पोरं, नवा डबा काउंटरवर ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, जुनी सीडी यामा चालस का?" मी उलट विचारतो, कोणती जुनी? २०१८ची आणि २००६ची, दोन्ही तुमच्या दृष्टीने जुन्याच. नव्या कन्सोलच्या दृष्टीने मात्र त्या दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तो फरक चिपमुळे पडतो. गेम हा विशिष्ट प्रोसेसरसाठी लिहिलेला असतो. प्रोसेसरचं घराणं बदललं की तो गेम नव्या यंत्राला कळत नाही. २००० साली आलेल्या पीएस२मध्ये पीएस१चे गेम चालायचे, कारण पीएस१चा प्रोसेसर सोनीने आतल्या दुसऱ्या कामासाठी ठेवलेलाच होता; जुना गेम घातला की तोच पुढे यायचा. २००६च्या पहिल्या पीएस३मध्ये पीएस२च्या मूळ चिप बसवल्या होत्या, म्हणजे एका डब्यात दोन यंत्रं. अर्थात ते महाग पडलं. २००७मध्ये युरोपात गेलेल्या मॉडेलमधून पीएस२चा मुख्य प्रोसेसर काढला आणि त्याचं काम सॉफ्टवेअरवर टाकलं, त्यात काही गेम चालेनासे झाले. त्यानंतरच्या स्वस्त मॉडेलमधून तर पीएस२ची सोयच गेली. म्हणून 'पीएस३मध्ये पीएस२ चालतो' हे कोणी सांगितलं तर मी आधी मॉडेल नंबर विचारतो. पीएस१च्या डिस्क मात्र सगळ्या पीएस३मध्ये चालतात, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

पीएस३चा सेल प्रोसेसर स्वतःच एक विचित्र प्रकरण होतं. मुख्य गाभा एक आणि भोवती मदतीला छोटे गाभे. ताकद भरपूर, पण त्याच्यासाठी लिहिलेलं दुसरीकडे हलवणं महाकठीण. २०१३चा पीएस४ आला तो एएमडी कंपनीच्या चिपवर, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरच्या घराण्यातल्या. त्यामुळे पीएस३ची डिस्क पीएस४मध्ये घातली तर काहीच होत नाही. पीएस५ जगात नोव्हेंबर २०२०मध्ये आणि भारतात फेब्रुवारी २०२१मध्ये आला. तोही एएमडीचाच, त्याच घराण्यातला पुढचा. म्हणून चार हजारांहून जास्त पीएस४ गेमपैकी ९९ टक्क्यांच्या वर गेम त्यात चालतात, असं सोनीनेच सांगितलं. सुरुवातीला न चालणाऱ्यांची जी यादी आली त्यात जेमतेम दहा नावं होती आणि त्यातलं एकही माझ्या दुकानात कोणी कधी मागितलेलं नाही.

नुसते चालतात एवढंच नाही, बरेच सुधारतात. २०१८चा 'गॉड ऑफ वॉर', 'डेज गॉन', 'घोस्ट ऑफ सुशिमा' हे गेम पीएस४वर सेकंदाला ३० फ्रेमने खेळलात, ते पीएस५वर ६०ने चालतात. लोडिंगचा वेळ एसएसडी या वेगवान साठवणीमुळे खूपच कमी होतो. सगळ्यांचं नशीब असं नाही. 'ब्लडबोर्न' पीएस५वरही ३०वरच अडकलाय, कारण त्याला नवा पॅच, म्हणजे सुधारणेचं सॉफ्टवेअर, दिलाच नाही. तुमच्या वीस डिस्कपैकी जे अर्धवट सोडलेत, ते आधी नव्यावर लावा. काहींचा नवा गेम घेण्याइतका आनंद मिळेल.

आता पैशाकडे येऊ, कारण इकडे निर्णय शेवटी तिथेच होतो. पीएस५चा मोठा नवा गेम आला की पाच हजारांच्या आसपास जातो. पीएस४ची वापरलेली चांगली डिस्क आठशे-हजारात मिळते, जुनी झाली तर त्याहून कमी. कन्सोलचे हप्ते सुरू असताना पहिल्या वर्षात किती नवे गेम घेणार? माझ्याकडच्या बहुतेक गिऱ्हाइकांचं पहिलं वर्ष पीएस४च्या डिस्कवरच निघतं. त्या वीस डिस्क विकायला काढल्या तर हाती फारसं येणार नाही. पीएस५मध्ये घातल्या तर त्यांची किंमत पूर्ण वसूल होते. शिवाय अमळनेर, धुळे, शिरपूर, चाळीसगाव या पट्ट्यात पोरांच्या डिस्क सतत हातोहात फिरत असतात. एकाने 'रेड डेड रिडेम्पशन २' संपवला की दुसरा घेऊन जातो. डिजिटल घेतलेला गेम तुमच्या खात्याला बांधलेला, तो असा कोणाच्या हातात देता येत नाही, संपल्यावर विकताही येत नाही.

त्यात इंटरनेट. तोच 'रेड डेड २' पीएस४साठी दोन डिस्कवर येतो आणि शंभर जीबीच्या वर जागा खातो. शहरात फायबर आहे त्यांना काही वाटणार नाही. पण मळ्यात राहणारा, मोबाईलच्या रोज दोन जीबीच्या पॅकवर चालणारा मुलगा तो उतरवायला बसला तर पन्नास दिवस धरा, आणि तेही घरच्यांनी फोनला हात लावला नाही तर. डिस्कवरून इन्स्टॉल करताना पॅच तेवढा नेटवरून घ्यावा लागतो, बाकी माल डिस्कवर असतो.

म्हणूनच डिजिटल मॉडेलला माझा विरोध आहे. जुने गेम चालतात हे खोक्यावर लिहिलेलं दोन्ही मॉडेलना सारखंच लागू, पण ज्याला डिस्क घालायला फटच नाही त्याच्यासमोर तुमच्या वीस डिस्क म्हणजे वीस बशा. भारतात सुरुवातीला डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल ३९,९९० असा दहा हजारांचा फरक होता. नंतर भाव बदलत गेले, तेव्हा आजचा फरक दुकानातच विचारा. भारतात २०२४मध्ये आलेल्या स्लिम या बारीक मॉडेलला डिस्कचा ड्राइव्ह नंतर जोडता येतो. पण तो वेगळा कितीला आणि खरंच मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारा, नंतर नाही. जोडला की पहिल्यांदा इंटरनेटवरून त्याची नोंद करावी लागते, हेही लक्षात ठेवा. २०२४च्या अखेरीस बाहेर आलेला पीएस५ प्रो मुळातच ड्राइव्हशिवाय येतो. तो कोणी परदेशातून आणून देत असेल तर हा खर्च त्यात धरा.

पीएस४ची डिस्क आणि पीएस५ची आवृत्ती यात एक गोंधळ नेहमी होतो. काही गेमची पीएस५ आवृत्ती जुन्या डिस्कवर फुकट मिळते. 'विचर ३'ची डिसेंबर २०२२मध्ये आली. काहींना थोडे पैसे भरावे लागतात, जसा 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक'. फुकट असो की विकत, तुमचा हक्क डिस्कवरचा असेल तर खेळताना दर वेळी तीच डिस्क आत हवी. अपग्रेड घेऊन डिस्क विकायची, हा डाव चालत नाही. रोज एक तरी जण विचारतो म्हणून लिहिलं.

पीएस४ विकणार असाल तर आधी सेव्ह, म्हणजे गेममधली जपून ठेवलेली प्रगती, हलवा. दोन्ही कन्सोल एकाच वाय-फायवर ठेवून थेट ट्रान्सफर होतं, यूएसबीवरूनही होतं. खातं मात्र तेच असायला हवं. इकडे निम्म्या पीएस४वर खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने उघडून दिलेलं असतं आणि पासवर्ड कोणालाच आठवत नाही. तो घोळ आधी सोडवा. सेव्ह पीएस४ आवृत्तीत चालतील. त्याच गेमच्या पीएस५ आवृत्तीत जुनी सेव्ह येईलच असं नाही, प्रत्येक गेमचं वेगळं.

जागेचंही असंच. पहिल्या पीएस५मध्ये ८२५ जीबी लिहिलेलं, वापरायला ६६७च मिळते. पीएस४चे गेम बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवरून थेट चालतात, पीएस५चे नाही. तेव्हा घरात चांगली ३.०वाली हार्ड डिस्क असेल तर सगळे जुने गेम तिच्यावर टाका आणि आतली वेगवान जागा नव्यांसाठी ठेवा.

आणि रिमोट. पीएस४चा कंट्रोलर पीएस५ला जोडला तर पीएस४चे गेम चालवतो, पीएस५चे नाही. दोघा भावांना फुटबॉल खेळायचा असेल तर 'फिफा'ची पीएस४ आवृत्ती लावा आणि जुने कंट्रोलर काढा. दुसऱ्या नव्या कंट्रोलरचे पाच-सहा हजार वाचले. फिफाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, गेम काढणारी ईए कंपनी आणि फिफा संघटना यांचा करार संपल्यावर 'फिफा १४' ते 'फिफा २३' हे सगळे २०२३मध्ये ऑनलाइन दुकानांतून काढून टाकले. ज्याच्याकडे डिस्क आहे तो आजही घरच्या घरी खेळतोय. डिस्क म्हणजे अमरपट्टा, असंही समजू नका. 'द क्रू' हा गाड्यांचा गेम पूर्णपणे सर्व्हरवर अवलंबून होता. मार्च २०२४अखेर सर्व्हर बंद झाले आणि डिस्क असूनही गेम मेला.

आता माळ्यावरचा पीएस२. पीएस२ची एकही डिस्क पीएस४ किंवा पीएस५मध्ये चालत नाही. शिवाय एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. आपल्याकडे पीएस२ जवळजवळ सगळे 'मॉडिफाय' केलेले होते. चिप टाकलेली, गेम साध्या डीव्हीडीवर उतरवलेले, वर मार्करने नाव लिहिलेलं. असल्या डिस्क त्या पहिल्या महागड्या पीएस३नेही घेतल्या नसत्या. हीच गत आतलं सॉफ्टवेअर बदललेल्या, म्हणजे जेलब्रेक केलेल्या पीएस३ची आणि फ्लॅश केलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६०ची. हार्ड डिस्कमध्ये ऐंशी गेम भरून दिलेला पीएस४ कोणी स्वस्तात देत असेल, तर ते ऐंशी गेम पीएस५वर जाणार नाहीत हे गृहीत धरूनच भाव करा. जुने गेम चालण्याचं आश्वासन कंपनीने दिलंय ते अस्सल मालाला.

पीएस२चे काही गाजलेले गेम सोनी आपल्या सभासदत्वाच्या योजनेत देते. भारतात त्यातली सगळ्यात वरची पायरी 'डिलक्स' नावाने मिळते. तिच्यात पीएस१, पीएस२ आणि हातात धरायच्या पीएसपीचे निवडक गेम आहेत. परदेशात 'प्रीमियम' मिळते, तिच्यात पीएस३चे गेम इंटरनेटवरून स्ट्रीम होतात; डिलक्समध्ये ते नाहीत. परदेशी यूट्यूबर 'पीएस५वर पीएस३चे गेम खेळा' असं सांगतो, तेव्हा तो जळगावबद्दल बोलत नसतो. निवडक म्हणजे खरंच निवडक. थोरल्या भावाचा जो एक गेम तुम्हाला हवाय तो यादीत आहे का, ते बघूनच वर्षाचे पैसे भरा.

बहुतेक वेळा नसतो. इकडे सगळ्यात जास्त मागितला जाणारा जुना गेम म्हणजे ईएचा 'क्रिकेट ०७'. तो फक्त पीएस२वर आणि कॉम्प्युटरवर निघाला. पुढे ईएने क्रिकेटच सोडलं. पीएस३वरसुद्धा तो कधी आला नाही, मग पीएस५चं काय घेऊन बसलात. त्यासाठी साधा जुना कॉम्प्युटर पुरतो, आणि हौशी लोक त्याच्यात नवे संघ, नवे कपडे आजही घालत असतात. २००९च्या आसपास सोनीने भारतासाठी काही पीएस२ गेम काढले होते, 'हनुमान: बॉय वॉरिअर' आणि कबड्डी-विटीदांडूवाला 'देसी अड्डा'. तेही पुढच्या कन्सोलवर आले नाहीत. असले गेम हवे असतील तर पीएस२च जिवंत ठेवणं हा खरा मार्ग. नव्या टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल पिन नसते तर कन्व्हर्टर लागेल. बहुधा लेन्स थकलेली असेल, ती बदलता येते. तो माळ्यावर ठेवू नका मात्र. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतं, पत्र्याखालच्या माळ्यावर किती होत असेल विचार करा. नव्या पीएस५चंसुद्धा कंपनीने ठरवलेलं वापराचं तापमान ५ ते ३५ अंश आहे. उन्हाळ्यात दुपारी बंद खोलीत तो चालवू नका, संध्याकाळी खेळा. टीव्हीच्या बंद कपाटात तर ठेवूच नका. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या मशीनचा आजार धूळ आणि उष्णता हाच असतो.

तुमच्या दुकानदाराच्या बोलण्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. सोनीचे तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी जिम रायन २०१७मध्ये म्हणालेच होते की जुने गेम चालवण्याची सोय लोक मागतात फार, वापरतात कमी. त्याच वर्षी एका तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने एक्सबॉक्स वनच्या वापराची आकडेवारी तपासली, त्यात ३६०च्या जुन्या गेमवर गेलेला वेळ दीड टक्क्याच्या आसपास निघाला. पण ती सगळ्या गिऱ्हाइकांची सरासरी. शिवाय तेव्हाची सोय मोजक्या गेमपुरती होती. पीएस४-पीएस५चं प्रकरण त्याहून वेगळं आहे, इथे जवळजवळ सगळंच चालतं. आणि ज्याच्या कपाटात वीस डिस्क आहेत त्याने सरासरीचा विचार का करायचा? तुम्ही गेल्या वर्षात त्या वीसपैकी किती लावल्या, ते आठवा. दोनच लावल्या असतील आणि बाकी वेळ फोनवर गेला असेल, तर दुकानदाराचं तुमच्यापुरतं बरोबर.

दुकानात जाताना दोन डिस्क सोबत न्या. एक जुनी ओरखडे पडलेली, एक चांगली. नव्या मशीनमध्ये घालून दाखव म्हणावं. डेमोचं मशीन नसेल तर निदान मॉडेल नंबरावरून ड्राइव्ह आहे की नाही ते खोक्यावर बघून घ्या. डब्याचं चित्र बघून घेतलेले दोन-तीन डिजिटल दरवर्षी माझ्याकडे 'सीडी कुठून घालायची' म्हणत येतात.

एक्सबॉक्सबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण भावाचा मित्र विचारील. जुन्या गेमच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टने सोनीपेक्षा फार जास्त काम केलंय. सिरीज एक्समध्ये एक्सबॉक्स वनचे जवळजवळ सगळे, आणि त्याच्या मागच्या दोन पिढ्यांचे काहीशे निवडक गेम चालतात. नोव्हेंबर २०२१मध्ये सत्तरहून जास्त गेमची शेवटची भर घातली आणि यादी बंद केली. मात्र ३६०ची डिस्क घातली तरी गेम डिस्कवरून चालत नाही, पूर्ण नेटवरून उतरतो. डिस्क फक्त तुमची मालकी दाखवते. किनेक्टवाले, म्हणजे कॅमेऱ्यासमोर हालचाली करून खेळायचे गेम त्यात नाहीत. सिरीज एसला तर ड्राइव्हच नाही. शिवाय इकडच्या दुकानांत एक्सबॉक्स क्वचितच दिसतो आणि त्याच्या डिस्क हातोहात फिरत नाहीत, तेव्हा कितीही चांगली सोय असली तरी अमळनेरात तिचा उपयोग कमी.

निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकतच नाही. जून २०२५मधल्या स्विच २मध्ये पहिल्या स्विचची बहुतेक कार्ट्रिज चालतात, पण पहिल्या स्विचमध्ये त्याच्या आधीचं काहीच चालत नव्हतं. मुंबईहून किंवा दुबईहून कोणी आणून दिला तर वॉरंटी नाही असंच समजा. सुटा भाग लागला तर मलाही तो मुंबईहूनच मागवावा लागतो.